माल आपल्या शिवाराचा, भाव कुणाच्या हाती?



राजुऱ्याहून चंद्रपूर, मूल, सावली करत एसटीने गडचिरोलीला या आणि खिडकीतून नुसतं शिवार बघत राहा. सुरुवातीला काळी जमीन, कापूस-सोयाबीन आणि मध्येच कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे. मूल आलं की धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव. वैनगंगा ओलांडली की पुढे जंगल दाट होत जातं. जमीन बदलते तसा धंदा बदलतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण जमिनीने माल दिला म्हणजे गावात पैसा आला, असं होत नाही. माल बाहेर नेणारी वाट कुणासाठी बांधली आणि विकण्याचा हक्क कुणाचा, यावर पैसा ठरतो.

वाटेचं उदाहरण घ्या. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. त्याच रुळांवरून हिंगणघाटचा कापूसही जाऊ लागला. पुढे बल्लारपूरला कोळसा आणि कागद, चंद्रपूरला वीज, राजुरा-कोरपन्याकडे सिमेंट असे कारखाने उभे राहिले. इकडे १९८२ साली वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तीन-चतुर्थांश जंगलाचा. तिथे कित्येक दशकं रेल्वे स्टेशन एकच, वडसा. माल तिथेही होता, वाट नव्हती.

आता हक्काचं बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा बांबू काही काल उगवला नाही. पण पूर्वी जंगलातला बांबू ठेक्याने कागद कारखान्याकडे जाई आणि गावाला मिळे ती तोडीची मजुरी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. जंगल तेच, बांबू तोच. पण मजूर होता तो विक्रेता झाला.

उलटंही घडतं, पैसा भूगोल बदलतो. गोदावरीवरचं मेडीगड्डा धरण २०१९ मध्ये सुरू झालं. पाणी तेलंगणाला, आणि धरणामागचं पाणी आमच्या शेतात शिरतं ही तक्रार सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची.

आता एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज निघतंय, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना आला. खनिजाच्या ट्रकांची धूळ आणि रस्त्याचे खड्डे गावांच्या वाट्याला आलेच आहेत. प्रश्न असा की, कोळशाच्या रुळांवरून कापूस गेला, तसा खनिजाच्या रस्त्यावरून आपला धान, मोहफूल, बांबू आपल्या भावाने जाईल का? की आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रक मोजणार?

यासाठी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, खळ्यावरचा हिशोब. बाजारभावातून भाडं, हमाली आणि ओलाव्याची कटती वजा करा. उरतो तो तुमचा खरा भाव. एकट्याने दोन बोरे नेण्यापेक्षा गटाने गाडी भरली तर भाडं वाटून जातं. एचएमटी धान नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढला. तो तांदूळ शहरात पाकिटातून विकला जातो, आपण मात्र ओला धान खळ्यावरूनच देऊन मोकळे होतो. निदान वाळवून, गटाने भरडून विकून बघा.

दुसरी, मामा तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. मालगुजारांनी उताराची जमीन ओळखून ते बांधले, आपण गाळाने भरू दिले. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे. ठराव उन्हाळ्याआधी घ्या, रोवणीच्या वेळी आठवून उपयोग नाही.

तिसरी, ग्रामसभेचं दप्तर. सामूहिक हक्काचा दावा, सीमेचा नकाशा, विक्रीची नोंद आणि जमाखर्च चोख हवा. ग्रामपंचायत आणि महसूल कर्मचारी बंधूंना विनंती, हे कागद गावाला वेळेवर करून द्या. दप्तर अपुरं असेल तर ठेकेदार येतोच.

डोंगर, नदी, जमीन आपल्याला बदलता येत नाही. पण परवाना कुणाच्या हातात आणि गाडीत कुणाचा माल, हे गावाला ठरवता येतं. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या.