खरवस आपल्याला चालत नाही, मग बाळाचा चीक मोरीत कसा चालतो?



आमच्या घरी खरवस कधी शिजला नाही. गाय व्याली की पहिले दहा दिवस, म्हैस व्याली की पंधरा दिवस तिचं दूध घ्यायचं नाही, हे सासूबाईंनी मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. ते दूध वासराचं. त्याच्या तोंडचं काढलं तर आपल्याला अंतराय कर्म लागतं.

आणि याच घरात गेल्या वर्षी पुतणीला सांगण्यात आलं, "पहिलं पिवळं दूध जड असतं गं, पिळून टाक." वासराचा वाटा राखणाऱ्या आम्ही बायका! नातवाचा वाटा मोरीत.

पुतणीचं सिझर झालं. बाळ बाहेर आलं, फोटो झाले, चांदीच्या वाटीतून गुळाचं पाणी झालं. घुटी कोणी द्यायची यावर दोन काकीजींचं थोडं वाजलंसुद्धा, कारण जो घुटी देतो त्याचा स्वभाव बाळात उतरतो म्हणे. संध्याकाळी पावडरचा डबा आला. आईजवळ बाळ गेलं ते सात तासांनी. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं ठरलं, "हिला दूधच नाही." मी तिथेच होते. एक शब्द बोलले नाही, ते अजून टोचतं.

दूध येईल कसं? बाळ ओढतं तेव्हा आईच्या शरीराला दूध करायचा निरोप जातो. गुळाच्या पाण्याने पेंगलेलं बाळ ओढणार कधी? त्याच ओढण्याने गर्भाशय आकसतं आणि रक्तस्राव कमी होतो, म्हणजे हिरावलं ते आईचंही. चीक चमचाभरच निघतो, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं. आणि रोगाशी लढायची ताकद त्याच चमच्यात असते.

शेजारच्या खाटेवर एमआयडीसीतल्या मजुराची बायको होती. गाव लांब, सोबत ना सासू ना आई. नर्सने बाळ पुसलं, उघडंच तिच्या छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. ते सरकत सरकत स्वतःच पोचलं. (युनिसेफ आणि स्तनपानाचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी 2007 मध्ये आपल्या महाराष्ट्रातच यावर फिल्म केली आहे, जरूर बघा.) तिचं नशीब एवढंच की अडवायला नातेवाईक नव्हते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालं फक्त 41.8 टक्के बाळांना. दवाखान्यापर्यंत आपण पोचलो. वाटी मात्र सोबत नेली.

"पाणी गाळून, उकळून दिलं होतं," असं काकीजी म्हणतात. दिलं असेल. सहा महिने बाळाला पाण्याचा थेंबही लागत नाही, गाळलेला असो की न गाळलेला. "सिझरमध्ये कसं पाजणार?" कमरेखाली भूल असते, आई जागी असते, नर्सने बाळ धरलं तर आडवं पडूनही पाजता येतं. सुतकात देवपूजा थांबते, पाजणं नाही. आणि फुकट डबा कोणी हातात ठेवलाच, तर कंपन्यांना तसं वाटायला 1992 च्या कायद्यानेच बंदी आहे, हे सरळ सुनवा.

माझ्या सुनेचे दिवस दिवाळीनंतर भरतात. डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवलंय की आई आणि बाळ ठीक असतील तर बाळ आधी तिच्या छातीवर, फोटो नंतर. चांदीची वाटी कपाटात आहे. काकीजी दोन वेळा विचारून गेल्या, किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं.