वेर्दूनोची फिकट रेड

वायनरीत चाखणीला बसल्यावर रेड वाइनचा ग्लास हाती आला की पहिली नजर रंगावर जाते. रंग गडद असला की माना डोलतात. ग्लासाच्या पलीकडची बोटे दिसू लागली की ‘पातळ आहे’ असा शेरा पडतो आणि तो टँक मुकाट्याने ब्लेंडमध्ये जिरवला जातो. इटलीच्या पिडमाँट प्रांतातल्या वेर्दूनो या छोट्या गावाने हा रिवाज मोडला. आपल्याकडच्या उत्पादकांनी आणि वाइनमेकर मंडळींनी ते उदाहरण बारकाईने पाहावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

वेर्दूनो हे बारोलो पिकवणाऱ्या 11 गावांपैकी एक. बारोलो होते ती फक्त नेब्बिओलो या वाणाची. ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. वेर्दूनोतल्या मोंविल्येरोच्या उतारावरची बारोलो तर जगभरचे दर्दी शोधत असतात. अशा जमिनीत नेब्बिओलो सोडून दुसरे काही लावणे म्हणजे हातचे उत्पन्न सोडणे. तरीही इथले शेतकरी थोड्या क्षेत्रावर पेलावेर्गा पिकोलो राखून आहेत. हा वाण वेर्दूनो आणि त्याला लागून असलेल्या ला मोर्रा व रोद्दी या गावांपलीकडे क्वचितच दिसतो. त्याची वाइन फिकट चेरीच्या रंगाची, स्ट्रॉबेरीच्या वासाची आणि शेवटी जिभेवर पांढरी मिरी ठेवून जाणारी असते.

हा वाण इथे आला कसा? वेर्दूनोत जन्मलेले धर्मगुरू सेबास्तियानो वाल्फ्रे यांनी तो सालुत्झोहून आणला, असे गावात परंपरेने सांगतात. पण सालुत्झोच्या टेकड्यांवर ज्याला पेलावेर्गा म्हणतात तो पेलावेर्गा ग्रोस्सो हा वेगळाच वाण आहे. नाव एक आणि वेल दोन, हा घोळ नर्सरीतून कलमे घेणाऱ्या आपल्या बागायतदारांनाही परका नाही.

बराच काळ पेलावेर्गाला स्वतःची ओळख नव्हती. इतर वाणांच्या ओळींमध्ये तो उभा असायचा आणि त्याचा रसही त्यांच्याच रसात मिसळायचा. 1970 च्या दशकात वेर्दूनोच्या किल्ल्यातल्या वायनरीने, म्हणजे बुर्लोत्तो घराण्याने, त्याची वेगळी वाइन करायला घेतली. हा किल्ला साधा नव्हे. सव्हॉय घराण्याचा राजा कार्लो आल्बेर्तो याने 1838 मध्ये तो विकत घेतला आणि जनरल स्टाल्येनो यांच्याकडे तिथल्या वाइननिर्मितीची सूत्रे दिली. बारोलोच्या घडणीतला तो महत्त्वाचा टप्पा मानतात. त्याच तळघरातून पुढे ही फिकट, लवकर प्यायची वाइन बाहेर पडली आणि गावातल्या इतरांनीही ती उचलली. 1995 मध्ये ‘वेर्दूनो पेलावेर्गा’ला डीओसी, म्हणजे कायद्याने राखलेले उगमनाम, मिळाले. बाटलीत किमान 85 टक्के पेलावेर्गा पिकोलो असावा, ही त्यातली अट. नाव मिळाले, नियम ठरले, आणि मग शेतकऱ्याला तो वेल उपटून न टाकण्याचे कारण मिळाले.

मिरीच्या वासाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तो आपल्या शिराझशीही जोडलेला आहे. काळ्या मिरीतला आणि शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन या एकाच द्रव्याचा असतो, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. पुढे वेस्पोलिना आणि स्क्योप्पेत्तीनो या इटालियन वाणांतही ते सापडले. रेड वाइनमध्ये लिटरला 16 नॅनोग्रॅम इतके कमी असले तरी ते नाकाला कळते. मात्र सुमारे पाचातल्या एका माणसाला ते पुष्कळ प्रमाणात असूनही जाणवत नाही. टँकचा निकाल एकाच नाकावर सोडणाऱ्या वायनरींनी हे ध्यानात घ्यावे. घडाचे तापमान 25 अंशांच्या वर जितका जास्त वेळ राहते तितके रोटंडोन घटते, असेही शिराझच्या अभ्यासात दिसले आहे. आपली फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरची आणि वाइन द्राक्षांची काढणी बहुतेक जानेवारी ते मार्चमधली. फेब्रुवारीच्या उन्हात दुपारच्या बाजूची पाने सरसकट काढली, तर मिरी टिकणार कशी?

पेलावेर्गाची कलमे आणून नाशिकला लावावीत, असे सुचवायचे नाही. तो वाण त्या टेकड्यांचा आहे. अकलूजला फ्रातेल्लीने पिएरो मासी या तोस्कानाच्या वाइनमेकरच्या मार्गदर्शनाखाली सांजोव्हेझे रुजवली, त्यामागे भांडवल होते आणि वर्षानुवर्षांची मेहनत होती. ते प्रत्येकाच्या आवाक्यातले काम नाही. वेर्दूनोकडून घ्यायची ती वाइन करण्याची पद्धत, आणि तिला नव्या वेलीची गरज नाही. आजही अनेकांना ओकचा वास आणि काळपट रंग यांतच रेडचा दर्जा दिसतो. वस्तुस्थिती अशी की आपल्याकडे उन्हाळा कडक असतो आणि पानात तिखट असते. झणझणीत रश्शासोबत जास्त अल्कोहोलची वाइन तोंडाची आग वाढवते आणि टॅनिन अधिकच तुरट लागते. बारा-चौदा अंशांवर गार केलेली, कमी टॅनिनची रेड त्याच जेवणासोबत सहज जाते. तिला पिंपाचा खर्च नाही आणि पैसेही वर्षाच्या आत सुटतात.

येत्या हंगामात शिराझ किंवा सांजोव्हेझेचा एक छोटा टँक यासाठी बाजूला ठेवावा. काढणी थोडी आधी, पहाटेच्या गारव्यात करावी. सालींवर रस आठवड्यापेक्षा कमी ठेवावा, पंप फिरवताना हात राखून काम करावे आणि ओक टाळावे. पावसाळ्याआधी ती वाइन बाटलीत भरून लेबलवर ‘गार करून प्यावी’ असे ठळक छापावे. तुमचे अनुभव आणि आंबवणाच्या नोंदी या मासिकाकडे पाठवा. दिवाळीनंतरच्या अंकात त्यांना पानांची कमतरता पडणार नाही.