मैल्याची टाकी : खाजगी मालकी, सार्वजनिक जबाबदारी

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तळे बांधून जमिनीखालच्या दगडी नळांतून पुण्यात पाणी आणले. वरच्या तळ्यात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी पुढे जावे, अशी ती योजना होती. आज त्याच डोंगरउतारावर घरोघरी गाळ बसवण्याच्या टाक्या आहेत. मात्र त्यांत बसतो तो मैला, आणि पुढे काय जाते याची चौकशी कोणी करीत नाही.

आंबेगाव बुद्रुक व खुर्द ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी ही २०२१ मध्ये आली. इमारती त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या आणि कराची बिलेही लगोलग आली. मैलापाण्याच्या नळांनी मात्र तितकी घाई केली नाही. जेथे ते नाहीत तेथे सेप्टिक टाकी हाच घराचा मैलाशुद्धीकरण प्रकल्प असतो. त्याची निगा हा वरकरणी घरगुती प्रश्न; परंतु तो घराच्या कुंपणात मावत नाही.

टाकीचे शास्त्र साधे आहे. जड मैला तळाशी बसतो, स्निग्ध पदार्थांची साय वर तरंगते, हवेविना जगणारे जिवाणू गाळ कुजवतात आणि मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. हे पाणी शुद्ध नसते. रोगजंतू त्यात असतातच. उरलेली शुद्धी शोषखड्डा व माती यांनी करावयाची असते. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसला नाही, तर टाकीतील जागा कमी होते, पाणी न निवळताच बाहेर पडते आणि शोषखड्ड्याची छिद्रे बुजतात. मग ते पाणी गटारात, ओढ्यात नाहीतर शेजारच्या विहिरीत वाट काढते. संडासात ॲसिड व फिनेल ओतत राहिल्याने जे जिवाणू आपले काम फुकट करतात तेच मरतात. टाकी भरून वाहू लागेपर्यंत थांबणे ही काटकसर नव्हे. आपला खर्च दुसऱ्याच्या अंगणात ढकलणे आहे.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. टाकी उपसण्याचा खर्च एका घराचा, न उपसण्याचा भुर्दंड सगळ्या उताराचा. कात्रजचे पाणी आंबिल ओढ्यातून थेट शहरात उतरते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला, तेव्हा काठच्या वस्त्यांनी माणसे गमावली. पुराचे कारण निराळे होते. पण वरच्या वस्तीने जे सोडले ते खालच्या वस्तीच्या उंबऱ्यात येते, हा भूगोल तोच आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुईलेन बारे आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला, तेव्हा विहिरीच्या पाण्याची चर्चा शहरभर झाली. साथ ओसरली आणि चर्चाही ओसरली.

या प्रश्नाची सर्वांत काळी बाजू टाकीच्या झाकणाखाली आहे. कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतात. दुसऱ्या वायूचे प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. धोक्याची सूचना देणारा वास नाहीसा होतो आणि माणूस कोसळतो. त्याला काढण्यासाठी उतरलेला दुसराही कोसळतो. पुणे जिल्ह्यातच २०२२ मध्ये मार्च महिन्यात लोणी काळभोरजवळ चौघे आणि ऑक्टोबरात वाघोलीत तिघे असे प्राणास मुकले. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा-साधनांवाचून कोणालाही टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबास दहा लाखांची भरपाई ठरवली व २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. भरपाई वाढली, उतरणाऱ्यांची जात मात्र बदलली नाही. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः मैला उचलून सांगितले की, संडासाची रचना बदलल्याखेरीज जातीने लादलेले हे काम सुटणार नाही. संडास बदलले, जुनी टोपली गेली आणि तिच्या जागी टाकी आली, एवढाच फरक कित्येक ठिकाणी पडला.

“ज्याची टाकी त्याने पाहावी” असे म्हणणारे आपल्यातही आहेत. हा युक्तिवाद वरवर न्याय्य वाटतो. पण चाळीत राहणारा भाडेकरू टाकीचा मालक नसतो, आणि मालक तेथे राहत नाही. गाळ उपसणाऱ्या टँकरवाल्याला तो रिकामा करण्याची अधिकृत जागा जवळ नसेल, तर रात्रीचा ओढाच त्याला परवडतो. बाजाराच्या हाती सोपवलेली स्वच्छता अखेर सर्वांत स्वस्त माणसाच्या आणि सर्वांत जवळच्या ओढ्याच्या माथी जाते.

“मैलापाण्याचे नळ येईपर्यंत थांबा” हा दुसरा युक्तिवाद. नळ आलेच पाहिजेत. पण तोवर टाक्या भरायच्या थांबत नाहीत. कात्रजचा घाट उतरून पुढे गेले की वाई लागते. त्या लहान नगरपालिकेने २०१८ च्या सुमारास घरमालकाच्या तक्रारीची वाट न पाहता प्रत्येक टाकी सुमारे तीन वर्षांच्या फेऱ्याने उपसण्याची, खर्च स्वच्छता-करातून भागवण्याची आणि गाळ शुद्धीकरण केंद्रात नेण्याची योजना सुरू केली. सिन्नरनेही तोच मार्ग धरला. वाईला जे साधते ते पुण्याला न साधण्याचे कारण पैशांचा अभाव हे असू शकत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. समाविष्ट गावांतील प्रत्येक टाकीची नोंद व्हावी. उपसा यंत्रानेच, ठरलेल्या फेऱ्याने आणि कराच्या पैशातून व्हावा. वस्त्यांना त्याचा वेगळा आकार नसावा. प्रत्येक टँकरची खेप कोठे रिकामी झाली याचा हिशेब क्षेत्रीय कार्यालयात कोणालाही पाहता यावा. टाकीत माणूस उतरवणाऱ्या सोसायटीवर, घरमालकावर व ठेकेदारावर गुन्हा नोंदवला जावा.

कार्यकर्त्यांनी मोर्चापूर्वी एक काम करावे. आपल्या घराची टाकी कोठे आहे, ती शेवटची कधी उपसली, कोणी उपसली आणि गाळ कोठे गेला, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. मग तीच शेजाऱ्यांना विचारावीत. ही उत्तरे हाती घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलेल्या शंभर माणसांना रिकाम्या हाताने परत पाठवणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही.