कॅमेरा घ्या, पण आधी शेजार जपा

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपल्या वस्त्यांत लगबग सुरू होते. पांढरे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवले जातात. शिदोरी बांधली जाते आणि माणसे बायकामुलांसह नागपूरच्या गाडीत चढतात. पुढे ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. वर्षातून असे दोन-तीन वेळा आपल्या घरांना कुलूप लागते. ते कधी लागणार हे चोरालाही ठाऊक असते, कारण दिनदर्शिकेतच ते छापलेले आहे.

म्हणूनच घराला हालचाल टिपणारा कॅमेरा बसवावा का, बसवला तर कोणता, अशी विचारणा आता घरोघरी होऊ लागली आहे. साधारण दीड ते अडीच हजार रुपयांत वायफायवर चालणारा साधा कॅमेरा मिळतो. दाराशी कोणी आले की मोबाईलवर सूचना येते आणि चित्रही दिसते. कष्टकऱ्याच्या घरात दोन हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. ती कुठे आणि कशी खर्च करावी, याचा विचार आपण या सदरात करू.

आधी दार, मग कॅमेरा

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. कॅमेरा पाहतो, पण धावून जात नाही. दाराची चौकट कुजलेली असेल, कडी-कोयंडा सैल झाला असेल किंवा मागची खिडकी जाळीशिवाय उघडी असेल, तर आधी ते दुरुस्त करावे. दाराबाहेर एक दिवा लावावा. दागिने आणि रोख रक्कम घरात ठेवून गावाला जाऊ नये. आणि गाडीत बसल्याबरोबर ‘सहकुटुंब दीक्षाभूमीकडे’ असा फोटो मोबाईलच्या स्टेटसवर टाकू नये. तो परत आल्यावर टाकला तरी त्याचा आनंद कमी होत नाही.

एवढे करूनही हाती पैसे उरत असतील, तर कॅमेऱ्याकडे वळावे.

हालचाल कळते कशी?

दुकानात सगळ्याच खोक्यांवर ‘मोशन डिटेक्शन’ लिहिलेले असते, पण त्यात तीन प्रकार असतात.

पहिल्या प्रकारात कॅमेरा आधीचे चित्र आणि आताचे चित्र ताडून पाहतो. फरक दिसला की सूचना पाठवतो. हा स्वस्त असतो, पण त्याला माणूस आणि सावली यांतला भेद कळत नाही. गाडीचा प्रकाश पडला, वाळत घातलेली साडी हलली, दिव्याभोवती किडे जमले, तरी तो मोबाईल वाजवतो.

दुसऱ्या प्रकारात उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. माणसाच्या किंवा जनावराच्या अंगाची ऊब समोरून सरकली की तो जागा होतो. साडी किंवा सावली त्याला फसवत नाही. मात्र विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात भिंतीसुद्धा तापतात, तेव्हा अंगाची ऊब आणि भोवतालची ऊब यांतला फरक कमी होतो आणि हा सेन्सर मंदावतो. काचेपलीकडची ऊबही त्याला कळत नाही. शिवाय माणूस आडवा चालत गेला तर तो लवकर ओळखतो, सरळ अंगावर चालत आला तर उशिरा. बसवताना हे ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या प्रकारात कॅमेऱ्यातला संगणक माणसाचा आकार ओळखतो. मांजर, कुत्रा, पाऊस यांना तो बहुतेक वेळा वगळतो. आता हा प्रकारही आवाक्यात आला आहे. चाळीत किंवा वस्तीत राहणाऱ्यांनी शक्यतो हाच घ्यावा आणि त्यात सूचनेची जागा आखून देण्याची सोय आहे ना, हे पाहून घ्यावे. म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर बोटाने चौकोन काढायचा आणि त्या चौकोनात कोणी आले तरच सूचना मिळवायची.

ही सोय आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. बंगल्याच्या दारात दिवसात चार माणसे येतात. चाळीच्या गॅलरीतून दिवसात चारशे वेळा माणसे जातात. प्रत्येक वेळी मोबाईल वाजला तर दुसऱ्याच दिवशी माणूस सूचना बंद करतो, आणि तिसऱ्या दिवशी चोर आला तरी त्याला पत्ता लागत नाही. चौकोन आपल्या उंबऱ्यापुरता आखला की हा त्रास वाचतो.

रात्रीचे चित्र दिसण्यासाठी कॅमेऱ्यात डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारे बारीक दिवे असतात. कॅमेरा खिडकीच्या काचेमागे ठेवला तर तो प्रकाश काचेवरून उलटतो आणि चित्र पांढरेफटक होते. समोर कोळ्याचे जाळे धरले तरी तेच होते. महिन्यातून एकदा फडके फिरवावे.

नेट, वीज आणि कार्ड

आपल्यापैकी अनेक घरांत स्वतंत्र वायफाय नसते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालते. अशा घरात कॅमेरा बसवला आणि मोबाईल घेऊन नागपूरला गेलो, तर मोबाईलबरोबर नेटही नागपूरला जाते! कॅमेरा मागे आंधळा नसला तरी मुका होतो. तो कार्डावर चित्रण करील, पण सूचना पाठवू शकणार नाही. अशा घरांनी सिमकार्ड घालता येणारा कॅमेरा घ्यावा. मात्र त्या सिमला दर महिन्याला रिचार्ज लागेल, तो खर्च आधीच धरावा.

वीज गेली की कॅमेरा आणि राउटर दोन्ही बंद पडतात. भारनियमन असलेल्या गावात दोन्हींना पुरणारा छोटा बॅटरी-बॅकअप घ्यावा. घेताना कॅमेऱ्याच्या आणि राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहे ते दुकानदाराला दाखवावे.

चित्रण साठवायला मेमरी कार्ड लागते. कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण करीत असेल, तर दिवसाला साधारण ११ जीबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड पाच-साडेपाच दिवसांत भरते. मग जुने पुसून त्यावर नवे चित्रण होते. फक्त हालचाल झाल्यावर चित्रण होईल अशी व्यवस्था ठेवली तर तेच कार्ड कित्येक आठवडे पुरते. चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही जाते, म्हणून तो हाताला न लागेल इतका उंच बसवावा. चित्रण कंपनीकडे साठवण्याची मासिक योजना घ्यायची असेल, तर तीन वर्षांच्या हप्त्यांची बेरीज करून मगच होकार द्यावा. पुष्कळदा ती बेरीज कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मोठी निघते.

किल्ली कोणाच्या हातात?

कॅमेऱ्याचा पासवर्ड ही घराची दुसरी किल्ली आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. म्हणून कॅमेरा बसवणाऱ्या कारागिराला त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर नोंदणी करू देऊ नये. नोंदणी घरातल्या माणसाच्या नंबरावर करावी आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. मुलामुलींची नावे, जन्मतारखा, किंवा सर्वांना ठाऊक असलेली १४ एप्रिलची तारीख पासवर्डात घालू नये.

९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेची ठरावीक चाचणी बंधनकारक केली आहे. रस्त्यावरचा, बिलाशिवाय मिळणारा, नाव-गाव नसलेला माल शंभर-दोनशे रुपयांसाठी घेऊ नये.

घराच्या आत नको

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या अनेकांचे घर म्हणजे एक खोली. तीच झोपायची, तीच स्वयंपाकाची, तिच्याच कोपऱ्यात मोरी. लेकीसुनांनी कपडे बदलायचे तेही तिथेच. अशा घरात आत कॅमेरा लावायला जागाच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुलूप लावून गावाला जाताना आत लावायचाच असेल, तर परत येताच पिन काढून ठेवावी.

बाई घरी किती वाजता आली, कोणाशी बोलली, हे कामावर बसून मोबाईलवर पाहणारे नवरे आणि सासू-सासरे आता दिसू लागले आहेत. याला राखण म्हणत नाहीत, पाळत म्हणतात. हिंदू कोड बिल रखडले या प्रश्नावरही ज्या बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांची तसबीर ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीवर सुनेवर पाळत ठेवणारा कॅमेरा शोभत नाही. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला, सुनेलासुद्धा, कॅमेरा कुठे आहे आणि पासवर्ड काय आहे हे माहीत असलेच पाहिजे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. तो हक्क घराच्या उंबऱ्याआतही असतो.

नजर आपल्या उंबऱ्यापुरती

पुनर्वसनाच्या इमारतींत दारासमोर दार असते. आपल्या दारावर सरळ कॅमेरा लावला की तो थेट समोरच्यांच्या घरात पाहतो. भांडणाला तेवढे कारण पुरते. म्हणून कॅमेरा बाजूच्या भिंतीवर, खाली झुकवून, आपला उंबरा दिसेल असा लावावा. चित्राचा काही भाग काळा करून झाकण्याची सोय अनेक कॅमेऱ्यांत असते. ती वापरून समोरचे दार झाकावे. मग शेजारच्या काकूंना बोलावून मोबाईलवर चित्र दाखवावे, “बघा, तुमचं दार यात दिसत नाही.”

राखणदारी आपल्या समाजाला नवी नाही. गावची वेस राखणे, रात्री गस्त घालणे, चोराचा माग काढणे, हे महार वतनातले काम होते. आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यांची कोठारे रात्रभर जागून राखली. मोबदला नावापुरता, आणि चोरी झाली की अनेक गावांत पहिला संशयही त्यांच्यावरच. या वतनाच्या जोखडातून माणसे सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. त्या राखणदारांच्या नातवंडांनी आज स्वतःच्या कष्टाचे घर राखावे, यात अभिमानच आहे. पण संशयाची नजर काय असते हे ज्यांच्या वाडवडिलांनी सोसले, त्यांनी ती दुसऱ्यावर रोखू नये.

यासाठीच आणखी एक विनंती. कॅमेऱ्यात अनोळखी माणूस दिसला की त्याचा फोटो ‘चोर’ म्हणून गटागटांत पाठवू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या. संशय असेल तर ११२ वर फोन करावा. चोरी झालीच असेल तर चित्रणावर दुसरे चित्रण होण्याआधी कार्ड काढून ठेवावे आणि काटछाट न करता पोलिसांना द्यावे. न्यायालयात असा पुरावा देताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, तेही विचारून घ्यावे.

वाचकहो, समजा सगळे नीट जमले. कॅमेरा चांगला, पासवर्ड पक्का, नेट चालू. आपण दीक्षाभूमीवर रांगेत उभे आहोत आणि मोबाईल वाजला. दाराशी कोणी तरी कुलूप हलवीत आहे. नागपुरातून आपण काय करणार? शेजाऱ्यालाच फोन करणार. तो दार उघडून “कोण आहे रे?” असे ओरडला तर चोर पळेल. त्याच शेजाऱ्याच्या दारावर आपण कॅमेरा रोखून ठेवला असेल, तर तो कशाला उठेल?

पंचशीलातील दुसरे शील आपण विहारात दर आठवड्याला घेतो, न दिलेले घेणार नाही. चोराने ते मोडू नये असे आपल्याला वाटते. मग शेजाऱ्याने न दिलेले त्याचे खाजगी आयुष्य आपणही घेऊ नये. जाण्याआधी एक किल्ली आणि एक फोन नंबर शेजारी ठेवावा, आणि त्यांच्या घराला कुलूप लागेल तेव्हा आपण जागे राहावे.

जय भीम!