उकिरड्याला नावं ठेवू नका

परवा इथंच कुणीतरी लिहिलं, खडेबाजारातल्या जुन्या घरांच्या परड्यात नुसती घाण असायची. काय ओ, घाण कसली? आमच्या आजीचा उकिरडा होता तो! म्हशीचं शेण, भाजीची देठं, वर मातीचा थर. वास सुटला की सुका पाला घालायची. ओलं जास्त झालं की कुजत नाही, सडतं. त्यावर वांगी, दोडका, अळू. पुसदच्या पांढरीपांडेंनी भोकाभोकांचं नाडेप टाकं बांधून शेण-माती-पाल्याचे असेच थर द्यायला शिकवलं, तेव्हा ते शास्त्र झालं! आता आपली देठं गाडीत बसून तुरमुरीला जातात आणि कुंडीला आपण पिशवीतलं खत आणतो. मीही आणलंय, खोटं कशाला बोलू? पण वास तुरमुरीकरांनी घ्यायचा आणि स्वच्छ म्हणवायचं आपण, हे काय बरोबर नाही.