यंत्र सर्वांचे, निगा कोणाची?

कारागीर आणि त्याचे हत्यार यांचे नाते फार जुने आहे. खंडेनवमीला सुतार आपली करवत आणि रंधा, लोहार आपला घण आणि ऐरण स्वच्छ पुसून त्यांची पूजा करतो. ही पूजा वर्षातून एकदाच होत असली, तरी तिच्यामागची काळजी रोजची असते. सायंकाळी काम थांबले की सुतार रंध्याचे पाते तपासतो, त्याला धार लावतो. कारण दुसऱ्या दिवशीची त्याची भाकरी त्या पात्यावर अवलंबून असते. हत्यार स्वतःचे असते तेव्हा निगेची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. एकच यंत्र अनेकांचे असते, तेव्हा मात्र प्रश्न उभा राहतो.

लेझर कटर हे असेच एक यंत्र आहे. संगणकावर काढलेल्या आकृतीप्रमाणे ते प्लायवूड, पुठ्ठा, ॲक्रिलिक किंवा चामडे अचूक कापते. त्यात बहुधा वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला. बारामतीत जन्मलेले पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले होते. एकट्या कारागिराला असे यंत्र घेणे सहसा परवडत नाही. म्हणूनच सामायिक कार्यशाळेची कल्पना मोलाची ठरते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सुटलेल्या मुलामुलींनी प्रत्यक्ष काम करत शिकावे, हा त्यामागील विचार होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे ‘फॅब लॅब’ सुरू झाली. आज अशा कार्यशाळा जगातील अनेक देशांत आहेत आणि लेझर कटर हे त्यांतील नेहमीचे यंत्र आहे.

हे यंत्र बिघडते कसे, हे पाहण्यासारखे आहे. काचेच्या नळीतून निघालेला किरण आरशांवरून वळत वळत एका लहानशा भिंगापाशी येतो. भिंग त्याला एका सूक्ष्म बिंदूत एकवटते आणि त्या बिंदूच्या उष्णतेने वस्तू कापली जाते. कापताना उठणाऱ्या धुराचा थर आरशांवर व भिंगावर साचतो. एखादा विद्यार्थी आपले काम झाले की भिंग न पुसताच निघून जातो. दुसऱ्या दिवशी काप नीट होत नाही, म्हणून पुढचा विद्यार्थी किरणाची शक्ती वाढवतो. मळलेले भिंग किरणाची उष्णता स्वतःच शोषून तापते आणि एक दिवस तडकते. वाढीव शक्तीवर सतत चालणाऱ्या नळीचे आयुष्यही घटते. नळीला थंड ठेवणारे पाणी आटले आहे, हे कोणी पाहिले नाही, तर नळीलाच तडा जातो. अखेर यंत्र बंद पडते. दोष कोणाचा, असे विचारले तर एकही नाव पुढे येत नाही. कारण प्रत्येकाची चूक लहान होती.

या बारभाई कारभारावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो. यंत्राच्या खोलीला कुलूप लावले जाते आणि किल्ली एका माणसाच्या हाती दिली जाते. त्याने यंत्र वाचते, हे खरे. परंतु ज्यांच्यासाठी ते आणले, त्यांचे शिकणे थांबते. विद्यार्थी आकृती आणून देतो, कापलेला तुकडा घेऊन जातो. त्याच्या दृष्टीने कार्यशाळा ही शिकण्याची जागा न राहता केवळ दुकान बनते. कुलूप हा निष्काळजीपणावरचा इलाज नव्हे. तो शिकवण्याचे टाळण्याचा मार्ग आहे.

खरा उपाय वेगळा आहे. ज्याला यंत्र वापरण्याचा अधिकार मिळतो, त्याला त्याच दिवशी त्याच्या निगेचे कामही शिकवले पाहिजे. फॅब लॅबच्या सनदेतही स्वच्छता, देखभाल आणि सुधारणा यांना हातभार लावणे ही वापरणाऱ्यांचीच जबाबदारी मानली आहे. भिंग सदऱ्याच्या टोकाने नव्हे, तर योग्य कागदाने हलकेच पुसावे. खालच्या तबकातील तुकडे वेळीच काढावेत, कारण तेच पेट घेतात. पाणी आणि धूर ओढणारा पंखा सुरू असल्याची खात्री करूनच काम आरंभावे. यंत्र चालू असताना जागा सोडू नये. ही कामे कोणालाही जमण्यासारखी आहेत. शेवटी काय केले आणि काय खटकले, याची नोंदवहीत दोन ओळींची नोंद करावी. त्या दोन ओळी पुढच्या माणसाचा दिवस वाचवतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो. असे यंत्र नवशिक्याच्या हाती देणे धोक्याचे नाही काय? धोका निश्चितच आहे. हा किरण डोळ्यांना दिसत नाही. झाकण उघडताच तो बंद करणारी कळ बांधून ठेवणे म्हणजे दृष्टीशी खेळणे होय. पीव्हीसी कापल्यास विषारी आम्लवायू बाहेर पडतो, जो फुप्फुसांना आणि यंत्रालाही खातो. फ्लेक्सचे फलक आणि पुष्कळसे रेक्झीन यांत हेच पीव्हीसी असते, हे अनेकांना ठाऊक नसते. नळीला मिळणारा विजेचा दाब तर प्राणघातक असतो. तेथे प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी हात घालू नये. परंतु यावरून निष्कर्ष निघतो तो शिक्षण वाढवण्याचा, कुलूप वाढवण्याचा नव्हे. कोणते काम सर्वांचे आणि कोणते तंत्रज्ञाचे, ही सीमा स्पष्ट असली म्हणजे पुरे.

या प्रश्नाचे मूळ यंत्रापेक्षा समाजाच्या वृत्तीत अधिक आहे. वस्तू घडवणारा मोठा आणि जागा झाडणारा लहान, ही समजूत येथे खोलवर रुजली आहे. ‘साफसफाई करणारा कोणी येईल’ या वाक्यात ती उघड होते. प्रत्यक्षात भिंग पुसणाऱ्यालाच यंत्राचे अंतरंग कळते आणि जो बिघाड ओळखतो, त्याच्या कौशल्याला बाजारातही किंमत असते. ज्यांची शाळा सुटली, त्यांच्यासाठी ही पोटापाण्याची विद्या ठरू शकते.

गाव करी ते राव न करी, अशी म्हण आहे. मात्र गावाने करायचे म्हणजे प्रत्येकाने आपल्या वाट्याचे करायचे. सामायिक यंत्र ज्या दिवशी शेवटच्या माणसाने पुसून ठेवलेले आढळते, त्या दिवसापासून ते खऱ्या अर्थाने सर्वांचे होते.