वाचले खरे, समजले का?

आमच्या मोहल्ल्यात मगरिबनंतर भरणाऱ्या अभ्यासवर्गाला नववीतला एक मुलगा येतो. परवा त्याच्या अम्मीने रेशनकार्डाची नोटीस त्याच्याबरोबर आमच्याकडे पाठवली. आम्ही म्हटले, "बेटा, तूच वाच." त्याने एका दमात वाचून दाखवली. "आता सांग, अम्मीने काय करायचे आहे?" मुलगा मान खाली घालून गप्प बसला.

वाचकहो, असा तो एकटा नाही. 'असर'ने २०२३ साली २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारासुद्धा सलग वाचता आला नाही. आमचा हा मुलगा सलग वाचतो, म्हणून त्याची अडचण कोणाच्या लक्षातच आली नाही.

आपली मुले मदरशात अरबी, घरात उर्दू आणि शाळेत मराठी शिकतात. ही दौलतच आहे. पण उच्चार बरोबर आला की आपण शाबासकी देतो. अर्थ विचारायचा राहून जातो.

या वयाच्या मुलापुढे पहिलीचे पुस्तक ठेवले तर तो शरमेने वर्गच सोडतो. म्हणून आम्ही त्याच्या कामाचा मजकूर घेतो: क्रिकेटची बातमी, औषधाच्या पाकिटावरची सूचना, शिष्यवृत्तीचा अर्ज. आधी मनात वाचायचे. मग कागद पालथा ठेवून, काय वाचले ते सांगायचे. उर्दूत सांगितले तरी चालेल. त्यानंतर तेच चार ओळींत मराठीत लिहायचे. आम्ही एका वेळी एकच चूक दाखवतो. सगळे पान लाल केले की मूल पुन्हा पेन उचलत नाही.

नोटिशीचे उत्तर आम्ही त्यालाच लिहायला लावले. दोन कागद फाटले, तिसरा जमला. शुद्धलेखनाच्या चुका त्यातही होत्या. पण कोणती कागदपत्रे, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, हे त्याने अम्मीला स्वतः समजावले. पुढच्या दिवशी तो वर्गाला वेळेआधीच हजर!

तेव्हा आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या मुलाला किंवा मुलीला "वाचलेस का?" एवढेच विचारून थांबू नका. "काय लिहिले आहे, सांग बरे," असे म्हणा आणि उत्तर येईपर्यंत सबर ठेवा.